मिल हाऊससाठी बोलका हेडसेट: निवडायचा कसा?

गव्हाणीत मोळी पडली की साखर कारखान्यात बोलणं थांबतं आणि हातवारे सुरू होतात. केन यार्डातला क्रेनवाला वरून हात हलवतो, खालचा गडी त्याचा आपल्या मनाने अर्थ लावतो, आणि मिल फिटर दोन्ही कानांत बोटं घालून तिसरीकडेच बघत असतो. यावर उपाय आहे. कान झाकणारा, बाहेरचं माणसाचं बोलणं आत सोडणारा आणि वॉकीटॉकी थेट कानात आणून देणारा हेडसेट. तो स्वस्त नाही, म्हणून चुकायचं नाही. कारखाना प्रवरानगरचा असो, सोनईचा, भेंड्याचा की कोपरगावचा, कृती हीच. नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीतल्या प्रेस शॉपवाल्यांनी मिलच्या जागी प्रेस वाचावं, बाकी काही बदलत नाही.

जवळ ठेवा: वही-पेन, मोबाइल, रोजच्या वापरातल्या दोन वॉकीटॉकी (रात्रभर चार्ज केलेल्या), रोजचं हेल्मेट, रोजचा चष्मा. आणि चालू मिल.

चला, एकेक पायरी घेऊ. क्रम मोडू नका.

१. चाचणीचा दिवस गळीत हंगामात धरा. पावसाळ्यात मिल खोलून पडलेली असते, सगळीकडे शांतता असते, आणि शांततेत कुठलाही हेडसेट छानच वाटतो. हंगाम संपला असेल तर निदान मोठा डिझेल जनरेटर चालू करून त्याच्याशेजारी चाचणी घ्या. ऑफिसच्या टेबलावर बसून पसंत केलेला हेडसेट पहिल्याच रात्रपाळीला कपाटात जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२. हेडसेट कुणाच्या डोक्यावर जाणार, ती नावं वहीत लिहा. नावापुढे काम लिहा: क्रेन, गव्हाण, मिल, टर्बाइन, शिफ्ट इंजिनिअर. ज्याला गोंगाटात बोलावं लागतं त्याचंच नाव इथे येईल. ज्याला फक्त कान वाचवायचेत त्याला साधे इअरमफ किंवा फोमचे बोळे पुरतात. सगळ्यांना सारखं म्हणून सरसकट घ्याल तर बजेट निम्म्यात संपेल, आणि खऱ्या गरजवंताला हलका माल मिळेल.

३. प्रत्येकाच्या उभं राहायच्या जागी जाऊन आवाज मोजा. कारखान्याचं साउंड लेव्हल मीटर असेल तर उत्तम. नसेल तर आयफोनवर निऑश या अमेरिकी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर अॅप फुकट मिळतं. मीटर 'ए' मापावर ठेवा, कानाच्या उंचीवर धरा आणि मिनिटभर हलू नका. मशीनला मोबाइल चिकटवून मोजू नका. कान जिथे असतो तिथला आकडा हवाय. मोबाइलचा माइक अंगठ्याखाली किंवा कव्हरखाली झाकला नाही ना, तेही बघा.

४. आलेला आकडा नावापुढे मांडा आणि या मर्यादांशी ताडून बघा. उघड्या कानाने ९० डेसिबलमध्ये ८ तास, ९५ मध्ये ४, १०० मध्ये २ आणि १०५ मध्ये १ तास. कारखान्यांच्या नियमांत हीच उतरंड आहे. ११५ च्या वर क्षणभरही नाही. पण ९० ही काठावरची गोष्ट झाली. आपण कानाच्या आत ८५ किंवा त्याहून कमी आवाज पोचेल असं बघू.

५. हेडसेटचा एनआरआर, म्हणजे तो आवाज किती अडवतो हे सांगणारा बॉक्सवरचा आकडा, किती हवा ते काढा. बॉक्सवरच्या एनआरआरचे पाऊण करा, त्यातून ७ वजा करा. जे उरतं तेवढाच आवाज प्रत्यक्षात कमी होतो असं धरून चाला. समजा मिलजवळ ९८ आले आणि हेडसेटचा एनआरआर २४ आहे. चोविसाचे पाऊण १८, वजा ७ म्हणजे ११. अठ्ठ्याण्णवातून ११ गेले, कानात ८७ पोचले. थोडं कमी पडलं. २७ चा घेतलात तर १३ कमी होतात आणि ८५ वर येता. बॉक्सवर २४ लिहिलंय म्हणून सरळ २४ वजा करणारा विक्रेता भेटेल. त्याला चहा पाजा, आकडा मात्र तुमचाच धरा.

युरोपातल्या मालावर एनआरआरऐवजी एसएनआर लिहिलेला असतो. एकाच हेडसेटचा एसएनआर बहुधा एनआरआरपेक्षा मोठा दिसतो. म्हणून दोन हेडसेटची तुलना करताना एनआरआर एनआरआरशी लावा, एसएनआर एसएनआरशी. वरचं पाऊण-वजा-सातचं गणित एसएनआरला लावू नका.

६. १०५ च्या वरच्या जागांवर लाल खूण करा. तिथे एकट्या हेडसेटवर भागत नाही. आत फोमचा बोळा, वरून हेडसेट. दोन्हींची बेरीज करायला जाऊ नका. दोघांतला जो मोठा, त्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, एवढंच. अशा माणसासाठी वॉकीटॉकीचा आवाज भरपूर वाढवता येणारा हेडसेट लागेल, कारण बोळ्याआडून ऐकायचंय. ही गोष्ट वहीत त्याच्या नावापुढे आत्ताच लिहा.

७. वॉकीटॉकी उलटी करून मेक आणि मॉडेल नंबर उतरवून घ्या. बॅटरी काढली की आतल्या स्टिकरवर नंबर सापडतो.

८. तिच्या जॅकचा जवळून फोटो काढा. रबरी झाकण बाजूला करा, उजेडात धरा. केनवुड पद्धतीचा दोन पिनांचा, मोटोरोला पद्धतीचा दोन पिनांचा आणि मोठ्या डिजिटल सेटवरचा सपाट, बऱ्याच पिनांचा असे तीन प्रकार नेहमी भेटतात. पहिले दोन लांबून जुळे भाऊ वाटतात. अंदाजाने ऑर्डर दिली तर केबल येईल, बसेलही कदाचित, पण चालणार नाही.

९. रेडिओचे कागद तपासा. कारखान्याच्या नावावर वायरलेसचा परवाना आहे का, हे टाइम ऑफिसला किंवा सिक्युरिटीला विचारा. हेडसेट वायरने जोडायचा असेल तर परवाना वॉकीटॉकीचाच लागतो. पण ज्या हेडसेटच्या पोटातच रेडिओ असतो, त्याला स्वतःचं ईटीए प्रमाणपत्र, म्हणजे केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता हवी. विनापरवाना चालणारे असे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. विक्रेत्याकडे फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही लेखी मागा. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जाहिरातीत फ्रिक्वेन्सीच दिली नसेल तर ते पान बंद करा.

आणि हो, अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला रेडिओवाला हेडसेट इथे वापरू नका. तिकडचे घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. ते आपल्याकडे मोकळे नाहीत.

१०. यादीतला कुणी डिस्टिलरीत जातो का ते विचारा. जात असेल तर त्याचं नाव इथेच वेगळ्या पानावर घ्या. इथेनॉलच्या वाफा असतात तिथे साधा हेडसेट, साधी वॉकीटॉकी, साधी बॅटरी काहीही न्यायचं नाही. तिन्ही वस्तू ज्वालाग्राही जागेसाठी प्रमाणित हव्यात, तेही एकमेकींसोबत वापरायला, आणि त्यांना पेसोची, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची, मान्यता आहे का ते बघायचं. या एका पायरीवर काटकसर नको. 'फक्त पाच मिनिटं जाऊन येतो' यालाही नाही.

११. जोडणीचा प्रकार ठरवा. तीन पर्याय आहेत: वायरने तुमच्या वॉकीटॉकीला जोडायचा, पोटात रेडिओ असलेला, किंवा ब्लूटूथवाला. माझं मत विचाराल तर मिल हाऊससाठी वायरवाला. वॉकीटॉकी बिघडली तर दुसरी लावता येते, हेडसेट बिघडला तर वॉकीटॉकी वाचते. क्रेनच्या केबिनमध्ये वायर अडकते, तिथे पोटात रेडिओवाला सोयीचा. ब्लूटूथ सुपरवायझरच्या फोनसाठी ठीक.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते एका छोट्या भोकापाशी. बऱ्याच हेडसेटना ३.५ मिलिमीटरचं 'ऑक्स' भोक असतं आणि विक्रेता म्हणतो, "लावा की रेडिओ!" लागतो. ऐकूही येतं. पण बोलता येत नाही, कारण त्या भोकातून आवाज फक्त आत येतो. पुढे आलेला दांडीचा माइक आणि बोलायचं पीटीटी बटण, या दोन्ही गोष्टी दिसल्या तरच तो रेडिओचा हेडसेट.

१२. बॉक्सवरचे ठसे वाचा. ईएन ३५२ हे अक्षर-अंक शोधा आणि त्यापुढचा आकडा बघा. १ म्हणजे डोक्यावरून घालायचा मफ, ३ म्हणजे हेल्मेटला बसणारा, ४ म्हणजे बाहेरचा आवाज ऐकवून मोठा आवाज अडवणारा, ६ म्हणजे कामाच्या रेडिओची जोडणी असलेला. आपल्याला १ किंवा ३, अधिक ४, अधिक ६ हवेत. भारतीय मालावर आयएस ९१६७ दिसेल. नुसतं 'नॉइज कॅन्सलिंग' असं चकचकीत अक्षरांत लिहिलंय आणि एनआरआर, एसएनआर कुठेच नाही? ठेवून द्या.

नगरला टँक म्युझियम बघून आलेल्या पोरांना हिरवा, मिलिटरी छापाचा हेडसेट फार आवडतो. ऑनलाइन तो स्वस्तात मिळतोही. त्यातले बरेचसे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या खेळासाठी केलेल्या नकला असतात. दिसायला सेम, आवाज अडवायला शून्य. रंगावर जाऊ नका, ठशावर जा.

१३. एकच नमुना मागवा. डीलरला वॉकीटॉकीचा नंबर आणि जॅकचा फोटो पाठवा, त्याच मॉडेलची पीटीटी केबल सोबत मागा. डेमो पीस देत नसेल तर एक विकत घ्या. डझनाचा भाव चांगला मिळतोय म्हणून डझन उचलू नका. अजून आपण तो कानाला लावलेलासुद्धा नाही.

१४. हेडसेट रोजच्या अवतारात चढवा. रोजचं हेल्मेट, रोजचा चष्मा, असेल तर टोपी. केस कानामागे घ्या, कप कानावर पूर्ण बसवा, पट्टी डोक्याला टेकेपर्यंत दांड्या सरकवा. गांधी टोपीची घडी किंवा चष्म्याची जाड काडी गादीखाली आली की तिथून आवाज शिरतो. भिकबाळी, डूल काढून ठेवा. हेल्मेट घालायचंच असेल तर पट्टी मानेमागून जाणारा किंवा हेल्मेटच्या खाचेत बसणारा मागवा. डोक्यावरच्या पट्टीवर हेल्मेट चढवलं की दोन्ही डगमगतात.

१५. हेडसेट बंद ठेवून मिलजवळ उभे राहा. आता दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर हलकेच दाबा. आवाज आणखी कमी झाला? म्हणजे गादी नीट बसलेली नाही, फट आहे. पुन्हा चढवा, पुन्हा दाबा. तीनदा करूनही फरक जाणवत असेल तर हा कप या डोक्याचा नाही. दुसऱ्या डोक्यावर बसेल कदाचित, म्हणून लगेच नापास करू नका. यादीतल्या पुढच्याला घालायला द्या.

१६. हेडसेट चालू करा आणि बाहेरचा आवाज सगळ्यात कमी पट्टीवरून एकेक पायरी वाढवा. शेजारच्याचं बोलणं कळलं की थांबा. मिलची घरघर पाठीमागे सरकल्यासारखी वाटायला हवी. काही हलके हेडसेट मोठा आवाज आला की सगळंच गप्प करतात, मग सोडतात, मग पुन्हा गप्प. सलग गोंगाटात त्यामुळे शब्द तुकड्यातुकड्यांत येतात. असा असेल तर इथेच थांबा, पुढची चाचणी करू नका.

१७. डोळे मिटून एकाला तुमच्याभोवती टाळ्या वाजवायला सांगा. टाळी कुठून आली ते बोटाने दाखवा. डाव्या-उजव्या कपावर वेगवेगळे माइक असतील तर जमेल. एकच माइक असेल तर सगळ्या टाळ्या डोक्याच्या मधोमध वाजतात. केन यार्डात मागून ट्रॅक्टर-ट्रॉली येत असते, तिथे हे चालणार नाही. ही चाचणी उभ्या वाहनांमध्ये नको, मोकळ्या जागी घ्या.

१८. कारखान्याचा भोंगा ऐका. वेळ बघून थांबा. भोंगा आणि क्रेनचा इशारा, दोन्ही हेडसेटमधून कळले पाहिजेत. नाही कळले तर बाहेरच्या आवाजाची पट्टी एक पायरी वर घ्या आणि पुढच्या भोंग्याला पुन्हा बघा.

१९. माइक ओठाच्या कोपऱ्याजवळ आणा. इतका जवळ की ओठ आणि माइक यांच्यात जेमतेम एक बोट मावेल. हनुवटीखाली लोंबणारा माइक तुमच्यापेक्षा टर्बाइनचा आवाज जास्त पाठवतो. माइकवरची फोमची टोपी काढू नका.

२०. वॉकीटॉकीचा आवाज शून्यावर आणून मग जोडा. हे विसरू नका. बाहेरचा गोंगाट हेडसेट अडवतो, पण वॉकीटॉकीकडून वायरने येणारा आवाज तो अडवेलच असं नाही. कुणीतरी पूर्ण उघडलेला सेट जोडतो आणि पहिलं 'हॅलो' थेट पडद्यावर आदळतं. जोडल्यावर हळूहळू वाढवा.

२१. बोलायचं बटण दाबा, बोला, सोडा. सोडल्यावर वॉकीटॉकीचा लाल दिवा विझला पाहिजे. न विझता तसाच राहिला तर केबलची जुळणी चुकली आहे, आणि तुम्ही अख्ख्या कारखान्याची लाइन अडवून बसलात. लगेच काढा. तोंडाच्या आवाजावर आपोआप चालू होणारी व्हॉक्स सोय असेल तर ती बंद ठेवा. मिलच्या आवाजालाच ती 'बोलणं' समजते. हातमोजे घालूनही बटण दाबून बघा.

२२. दहा शब्दांची परीक्षा घ्या. ही माझी आवडती पायरी. एकाने मिलजवळ, दुसऱ्याने यार्डात उभं राहायचं. मिलवाल्याने वहीतले दहा शब्द एकेकदाच बोलायचे, यार्डातल्याने लिहून घ्यायचे. शब्द मुद्दाम फसवे घ्या: सोड, ओढ, थांबव, लांबव, वर, भर, मोळी, नळी, सात, साठ. मग जागा बदलून उलटं करा. दोन्ही वेळा दहापैकी दहा हवेत. 'ओढ'च्या जागी 'सोड' ऐकणारा क्रेनवाला परवडत नाही, तेव्हा नवाला पास म्हणू नका. नऊ आले तर माइक आणखी जवळ घेऊन एकदा पुन्हा. तरी नऊच? हेडसेट परत.

२३. हेडसेटची बॅटरी काढून पुन्हा बोलून बघा. चांगल्या हेडसेटमध्ये त्याची स्वतःची बॅटरी संपली तरी वॉकीटॉकीचं ऐकू येत राहतं, फक्त बाहेरचा आवाज बंद होतो. काहींमध्ये सगळंच मरतं. असा घ्यावाच लागला तर खिशात सुटे सेल ठेवायचा नियम करा. जाता जाता हेही बघा की सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे आहेत का. रात्री दोनला खास बॅटरी कुठून आणणार?

२४. एका माणसाला पूर्ण शिफ्टभर घालायला द्या. आठ तासांनी तीन प्रश्न विचारा: कानामागे दुखलं का, घामाने गादी चिकटली का, किती वेळा काढून गळ्यात अडकवला? तिसऱ्याचं उत्तर खरं मिळावं म्हणून दोनदा गुपचूप चक्कर मारा. गळ्यातला हेडसेट कान वाचवत नाही. बगॅसचा भुसा माइकच्या जाळीत किती गेला तेही शिफ्ट संपल्यावर बघून ठेवा.

२५. आता ऑर्डर द्या. हेडसेटइतक्याच पीटीटी केबल, आणि प्रत्येकी एक जादा गाद्यांचा जोड व माइकची टोपी. गाद्या साधारण सहा महिन्यांनी कडक होतात किंवा चिरतात. सुटे भाग मिळणार नाहीत म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

२६. वाटायच्या आधी यादीतल्या प्रत्येकाची ऑडिओमेट्री करून घ्या. लोणी किंवा नगरला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे होते, दुखत नाही, वेळही फार लागत नाही. रात्रपाळी करून थेट नेऊ नका. गोंगाटाने दमलेल्या कानाचा आकडा खोटा येतो. सुट्टीनंतरची सकाळ बरी. रिपोर्ट फाइलला लावा, पुढच्या हंगामाचा त्याच्याशी जुळवायचाय.

२७. कपाच्या आत मार्करने नाव आणि तारीख लिहा. हेडसेट माणसाचा, शिफ्टचा नाही. एकाच्या कानातलं दुसऱ्याच्या कानात जायला नको. लिहून झालं की बॉक्स फेकू नका. एनआरआरचा आकडा त्याच्यावरच आहे आणि तपासणीत तो कुणी मागू शकतं.